प्रौढ पुरुषांनी नाचावे काय?

चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने नाचणे शोभत नाही, असा एक संकेत आपल्या समाजात रूढ आहे. मूत्रविकारासंबंधी त्याने चारचौघांत बोलणे शोभत नाही, असा दुसरा संकेतही तितकाच दृढमूल आहे. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु उतारवयातील पुरुषांच्या आरोग्याचा विचार करू लागले, की हे दोन्ही संकेत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पहिल्यामुळे पुरुष एक सुलभ, स्वस्त व आनंददायक व्यायाम सोडून देतो. दुसऱ्यामुळे तो एका अतिशय सामान्य विकाराची वाच्यता करीत नाही आणि उपचारास विलंब लावतो. हे दोन्ही संकेत टाकून देण्यातच पुरुषांचे हित आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र या प्रतिपादनाला शास्त्राचा आधार कोठवर मिळतो आणि कोठे तो संपतो, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

ग्रंथी आणि तिचे विकार

पुरुषाच्या शरीरात मूत्राशयाच्या लगेच खाली आणि गुदाशयाच्या पुढे एक लहानशी ग्रंथी असते. इंग्रजी वैद्यकात तिला प्रोस्टेट म्हणतात. मराठी परिभाषेत अष्ठीला ग्रंथी किंवा पुरःस्थ ग्रंथी अशी नावे तिला आहेत. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असून तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. शुक्राणूंचे पोषण व वहन ज्या द्रवात होते त्याचा काही भाग ही ग्रंथी निर्माण करते. तिच्या रचनेतील महत्त्वाची गोष्ट अशी, की मूत्राशयातून निघालेला मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधूनच आरपार जातो. एखाद्या मण्यातून दोरा ओवावा तशी ही योजना आहे. मणी आतून फुगू लागला तर दोऱ्याला जागा अपुरी पडणार, हे उघड आहे.

उतारवयात नेमके हेच घडते. चाळिशीच्या सुमारास ग्रंथीच्या आतील भागातील पेशी हळूहळू वाढू लागतात. शवविच्छेदनांवर आधारलेला एक सुप्रसिद्ध अभ्यास अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५१ ते ६० या वयाच्या सुमारे निम्म्या पुरुषांमध्ये, आणि ऐंशी वर्षांपुढील पाचांपैकी चारांहून अधिक पुरुषांमध्ये ही वाढ आढळली. सारांश, जो पुरुष पुरेसा दीर्घकाळ जगतो त्याच्या बाबतीत ही वाढ अपवादात्मक नसून केस पिकण्याइतकीच नेहमीची आहे. आपल्या पूर्वजांनाही मूत्रावरोधाचा अनुभव होता. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले असून त्यांत वाताष्ठीला हा एक आहे. अष्ठीला म्हणजे गोलसर कठीण गोटा. आजची परिभाषा तयार होताना हाच जुना शब्द उपयोगी पडला.

ही वाढ झाली म्हणजे त्रास झालाच पाहिजे असे नाही. मोठी ग्रंथी असूनही काहींना काहीच जाणवत नाही, तर काहींना थोड्याशा वाढीनेही पुष्कळ त्रास होतो. लघवीची धार मंदावणे, ती सुरू होण्यास वेळ लागणे, मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्याची भावना राहणे, घाईची भावना होणे आणि रात्री दोनतीनदा उठावे लागणे ही त्याची सामान्य लक्षणे होत. क्वचित लघवी एकाएकी पूर्णपणे अडते. अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाऊन नळीवाटे मूत्राशय मोकळे करावे लागते.

येथे तीन निरनिराळ्या विकारांची गल्लत होऊ देता कामा नये. वर सांगितलेली वाढ ही सौम्य वाढ होय. तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही. दुसरा विकार म्हणजे ग्रंथीचा दाह आणि ओटीपोटातील चिवट दुखणे. हा तरुण व मध्यमवयीन पुरुषांतही आढळतो. तिसरा म्हणजे ग्रंथीचा कर्करोग. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली जगात या कर्करोगाचे साडेचौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे चार लाख पुरुष त्याने दगावले. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांची संख्या सुमारे ३८ हजार होती. आपल्याकडे रुग्ण पुष्कळदा रोग बराच पसरल्यावर डॉक्टरांकडे येतो. याला कारणे अनेक आहेत, पण संकोच हे त्यांतील एक मोठे कारण आहे.

व्यायामाचा या ग्रंथीशी संबंध काय?

दंडाचा स्नायू मुद्दाम हलवून बळकट करता येतो, तशी ही ग्रंथी हलवून बळकट करता येत नाही. तिच्यासाठी म्हणून सांगितला जाणारा कोणताही ‘खास’ व्यायाम वाचकांनी संशयानेच पाहावा. व्यायामाचा परिणाम या ग्रंथीवर होतो तो आडवाटेने, म्हणजे सर्व शरीराच्या द्वारे. या वाटा मुख्यतः चार मानता येतील.

पहिली वाट मज्जातंतूंची. ग्रंथीच्या आत आणि मूत्राशयाच्या तोंडाशी अनैच्छिक स्नायूंचे तंतू असतात. अनुकंपी मज्जासंस्था उत्तेजित झाली की ते आवळले जातात व मूत्रमार्ग अरुंद होतो. आल्फा-रोधक या नावाने ओळखली जाणारी औषधे याच ठिकाणी काम करून हे तंतू सैल करतात. मनावर सतत ताण असणाऱ्या व बैठे जीवन जगणाऱ्या माणसात अनुकंपी मज्जासंस्थेची उत्तेजना वाढलेली असते. नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळची ही उत्तेजना कमी होते.

दुसरी वाट चयापचयाची. पोटाभोवती साठलेली चरबी आणि रक्तातील इन्सुलिनचे वाढलेले प्रमाण यांचा ग्रंथीच्या वाढीशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. व्यायामाने स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या प्रकारे वापरू लागतात व इन्सुलिनची गरज कमी होते. तिसरी वाट दाहाची. स्थूल व निश्चल शरीरात मंद स्वरूपाचा दाह चालू असतो आणि नियमित हालचालीने तो उतरतो. चौथी वाट अगदी साधी, म्हणजे पायांची. दिवसभर बसून राहिल्याने पायांत द्रव साठतो. रात्री आडवे झाल्यावर तो पुन्हा रक्तप्रवाहात येतो, मूत्रपिंडे त्याचे मूत्र करतात आणि माणसाला झोपेतून उठावे लागते. चालताना किंवा नाचताना पोटरीचे स्नायू पंपासारखे आकुंचन पावून हा द्रव दिवसाच वर ढकलतात. म्हणजे रात्रीच्या प्रत्येक जागरणाचा दोष ग्रंथीवरच टाकणे योग्य नाही. काही दोष खुर्चीचाही असतो.

पुरावा किती भक्कम आहे?

ही कारणमीमांसा पटण्याजोगी असली तरी शास्त्रात केवळ पटण्याजोगे असून भागत नाही, मोजावेही लागते. अमेरिकेत १९८६ साली दंतवैद्य, औषधनिर्माते, पशुवैद्य इत्यादी आरोग्यव्यवसायांतील ४० ते ७५ वयाच्या ५१,५२९ पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तिच्या आधारे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे आढळले, की आठवड्यातून दोन ते तीन तास चालणाऱ्या पुरुषांत सौम्य वाढीच्या त्रासाचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता. त्यानंतर २००८ साली, एकंदर ४३ हजारांवर पुरुषांचा समावेश असलेल्या अकरा अभ्यासांचा एकत्रित विचार करण्यात आला. मध्यम किंवा जोरकस हालचाल करणाऱ्यांत हा धोका बैठ्या पुरुषांच्या मानाने २५ टक्क्यांपर्यंत कमी असतो, असाच निष्कर्ष त्यातूनही निघाला.

कर्करोगाच्या बाबतीत २०११ साली त्याच दीर्घकालीन पाहणीतील २,७०५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. या रुग्णांचा रोग निदानाच्या वेळी दूरवर पसरलेला नव्हता. निदानानंतर आठवड्यातून तीन तास किंवा अधिक जोरकस व्यायाम करणाऱ्यांत त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण, एक तासाहूनही कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी होते.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत. तथापि विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून एक प्रश्न विचारावा. व्यायामामुळे माणसे निरोगी राहिली, की मुळात निरोगी होती म्हणून ती व्यायाम करू शकली? नुसत्या पाहणीतून या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळत नाही. त्यासाठी माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून प्रयोग करावा लागतो. सौम्य वाढीच्या लक्षणांबाबत झालेल्या अशा सहा प्रयोगांचा, म्हणजे सुमारे साडेसहाशे पुरुषांवरील प्रयोगांचा, कोक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी २०१९ साली परामर्श घेतला. या पुराव्याची प्रत फारच कमी असून त्यावरून निश्चित काही सांगता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. याउलट ओटीपोटाच्या चिवट दुखण्याबाबत इटलीत झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनी गुण न आलेल्या १०३ बैठ्या पुरुषांपैकी ज्यांनी १८ आठवडे दमश्वास वाढविणारा व्यायाम केला, त्यांना केवळ ताण देण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला.

वरील सर्व संशोधन व्यायामासंबंधी आहे, नृत्यासंबंधी नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. तेव्हा नाचल्याने अष्ठीला ग्रंथीचे विकार टळतात, असे म्हणणे शास्त्राला सोडून होईल. म्हणता येते ते इतकेच : नियमित व्यायामाने पुरुषाच्या सर्व आरोग्याचा लाभ होतो, त्या लाभात या ग्रंथीचाही वाटा असण्याचा बराच संभव आहे, आणि नृत्य हा नियमित व्यायामाचा एक पूर्ण प्रतीचा प्रकार आहे. यातील तिसरे विधान सिद्ध झाले की प्रस्तुत वादाचे काम भागते.

मग नृत्यच का?

शारीरिक श्रमांचे मोजमाप करताना शांत बसलेल्या माणसाच्या ऊर्जाव्ययाला एक एकक मानण्याची पद्धत आहे. तीन एककांपासून सहापर्यंतचे श्रम मध्यम आणि त्यापुढील जोरकस समजतात. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कोष्टकात जोडीने करावयाच्या संथ नृत्याला ३, निरनिराळ्या देशांच्या पारंपरिक नृत्यांना ४.५ आणि जोडीच्या द्रुत नृत्याला ५.५ एकके दिलेली आहेत. म्हणजे बेताने केलेले नृत्यदेखील सपाट रस्त्यावरील नेहमीच्या चालण्याच्या बरोबरीचे असून पारंपरिक नृत्ये त्याच्या वरचढ आहेत.

ब्रिटनमधील ४० वर्षांवरील ४८ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मध्यम जोराने नृत्य करणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण न नाचणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ निम्मे आढळले. ग्रंथीचा त्रास असलेल्या पुष्कळ वृद्धांचा मृत्यू त्या ग्रंथीने न होता हृदयविकाराने होतो, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे महत्त्व सहज ध्यानी येईल. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीत (२००३) शारीरिक छंदांपैकी एका नृत्याचाच स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध दिसून आला. याचे कारण तर्काने सांगता येते. नाचताना पाऊल, ताल, सोबत्याची हालचाल आणि पुढचा पवित्रा या सर्वांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. फिरत्या पट्ट्यावर चालणाऱ्या माणसाला यांपैकी कशाचेच अवधान ठेवावे लागत नाही.

परंतु नृत्याचा सर्वांत मोठा गुण ऊर्जेच्या कोष्टकात सापडत नाही. व्यायामाने होणारा लाभ महिन्या-दोन महिन्यांत पुरा होत नसतो, तो वर्षानुवर्षे केलेल्या व्यायामाचा असतो. म्हणून कोणता व्यायाम उत्तम, याचे उत्तर ‘जो माणूस सोडून देत नाही तो’ असेच दिले पाहिजे. डॉक्टरांच्या धाकाने सुरू केलेला व्यायाम धाक ओसरला की थांबतो. ज्यात गोडी आहे आणि ज्याला सोबत आहे तो टिकतो. याचे एक उदाहरण डेन्मार्कमध्ये आढळते. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावर पुरुषी संप्रेरके दाबणारा जो उपचार करतात, त्याने स्नायू झिजतात, हाडे कमकुवत होतात व मरगळ येते. या उपचाराचे मूळ चार्ल्स हगिन्स यांच्या १९४१ च्या संशोधनात असून त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. असे उपचार घेणाऱ्या डॅनिश पुरुषांना आठवड्यातून दोनतीन वेळा फुटबॉल खेळावयास लावण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत त्यांच्या स्नायूंचे वजन व बळ, न खेळणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत वाढले. साठी-सत्तरीतील हे रुग्ण मैदानावर जात होते ते औषधाचा घोट घ्यावयाला नव्हे, खेळावयाला. भारतीय पुरुषांपाशी अशा खेळाचे काम करू शकेल अशी नृत्याची संपत्ती आधीच विपुल आहे.

भारतातील नाचणारे पुरुष

नाचणे हे पुरुषी काम नव्हे, ही समजूत आपल्या देशाच्या परंपरेला मुळीच धरून नाही. पंजाबच्या शेतकऱ्याचा भांगडा ढोलाच्या ठेक्यावर खांदे, गुडघे आणि पोटऱ्या यांना सारखेच राबवितो. पुरुलिया, सराईकेला आणि मयूरभंज येथील छाऊ हे परंपरेने पुरुषांचेच नृत्य असून त्याच्या पवित्र्यांत युद्धकलेचा स्पष्ट ठसा आहे. २०१० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात त्याचा समावेश केला. कर्नाटकातील डोळ्ळु कुणितात भलामोठा ढोल अंगाशी बांधून पुरुष रिंगणात नाचतात. मणिपूरच्या पुंग चोलममध्ये नर्तक मृदंगासारखे वाद्य वाजवीत हवेत झेप घेतात. केरळच्या कथकलीतील नट गुडघे वाकवून, पाय फाकवून तासन्‌तास उभा राहतो.

महाराष्ट्रातील लेझीम शाळांच्या व आखाड्यांच्या मैदानांवर वाढली. लाकडी दांडा आणि चकत्यांची साखळी एवढ्याच साहित्यावर बसणे, उठणे, वाकणे, वळणे आणि पुढे-मागे पावले टाकणे असा सर्वांगाचा व्यायाम तीत आपोआप होतो. धनगरांचे गजानृत्य आणि वारकऱ्यांची पावली हीही याच घराण्यातील होत. आषाढीच्या वाटेवर टाळमृदंगाच्या तालावर पावली खेळणाऱ्यांत पांढऱ्या केसांचे पुरुष मोठ्या संख्येने असतात आणि त्यांना कोणी हसत नाही. ज्या समाजात सत्तर वर्षांचा वारकरी रिंगणात उडी मारतो, त्याच समाजातील पंचेचाळीस वर्षांचा कारकून मुलाच्या लग्नात पाऊल उचलावयास लाजतो, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

वयाचा आक्षेपही टिकण्याजोगा नाही. ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्र (१९२६–२००४) सत्तरीतही रंगमंचावर नाचत असत. १९३७ साली जन्मलेले कथकलीचे कलामंडलम गोपी ऐंशीनंतरही वेष करून रंगमंचावर उभे राहिले. हे जन्मभर साधना केलेले कलावंत होत, सामान्य माणसाने त्यांची बरोबरी करावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुरुषाचे शरीर चाळिशीत नाचण्यास निकामी होत नाही, एवढे त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते. निकामी होते ती केवळ हौस, आणि तीही बहुधा लोकांच्या नजरेमुळे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की चालण्याने जर हे सर्व साधते, तर नाचण्याचा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे. ज्याला चालणे आवडते त्याने अवश्य चालावे, त्याला नृत्याची गरज नाही. पण प्रत्येक गावात व शहरात चालण्याजोगे रस्ते नसतात, पावसाळ्याचे चार महिने पुष्कळांचे फिरणे बंद पडते, आणि एकट्याने चालण्याचा कंटाळा हा तर सार्वत्रिक अनुभव आहे. नृत्याला एक खोली आणि एक ढोलकी पुरते. शिवाय वृद्धांना तोल सांभाळण्याचा जो सराव हवा असतो तो सरळ चालण्यात फारसा होत नाही. तो पावले बदलण्यात व गिरकी घेण्यात होतो.

दुसरा आक्षेप असा, की अशा लेखांनी रोगी माणूस औषध सोडून नाचत बसेल. हा धोका खरा आहे आणि म्हणूनच येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे, की नृत्य हा उपचार नव्हे. लघवी अडणे, लघवीतून रक्त जाणे, ताप येऊन लघवीला जळजळ होणे, कारण नसता वजन घटणे किंवा कमरेच्या हाडांत सतत दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भाऊ यांना हा कर्करोग झाला असल्यास त्याआधीच, रक्ततपासणी करावी की नाही याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. त्या तपासणीचे लाभही आहेत व तोटेही आहेत, आणि निर्णय दोन्ही समजून घेऊन करावयाचा असतो. वस्तुतः नृत्य आणि वैद्य यांत विरोध नाही. चार समवयस्क सोबत्यांबरोबर नियमाने नाचणारा माणूस आपला त्रास त्यांच्यापाशी बोलून दाखविण्याचा संभव अधिक. एकाने सांगितले की दुसऱ्यालाही आपली रात्रीची जागरणे आठवतात. संकोच मोडण्याची ही वाट भाषणांपेक्षा जवळची आहे.

किती आणि कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल सांगितली आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्याशिवाय आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व बळ वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात, अशीही तिची शिफारस आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास नाचले तर पहिली मर्यादा गाठली जाते, आणि दुसरीचाही बराच भाग त्यातच साधतो. जोर योग्य आहे की नाही हे ओळखण्यास यंत्राची जरूरी नाही. नाचताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हा मध्यम जोर. धापेमुळे चार शब्दही एका दमात निघत नसतील तर तो जोरकस समजावा.

नवशिक्याने पहिले दोन आठवडे दहा मिनिटांवर समाधान मानावे. आरंभी व शेवटी संथ पावले टाकावीत. हृदयविकार, गुडघ्याचा विकार किंवा हाडांत पसरलेला कर्करोग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या मारू नयेत. आल्फा-रोधक औषध घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर चक्कर येण्याचा संभव असतो, म्हणून बैठकीतून झटक्याने उठण्याचे पवित्रे त्यांनी सावकाश करावेत. लघवीच्या भीतीने पाणी पिणे बंद करू नये, फक्त झोपण्यापूर्वीच्या दोनतीन तासांत ते कमी घ्यावे. आणि जेथे ज्येष्ठ पुरुषांनी एकत्र जमावे असे वाटते, तेथे स्वच्छ शौचालय जवळ असलेच पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ज्याला तासाभरात दोनदा जावे लागते तो माणूस तेवढ्या एका उणिवेमुळे घराबाहेर पडण्याचे टाळतो.

शाळा आणि ग्रंथालये यांचे काम

या कामी सरकारने नवी इमारत बांधण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सायंकाळी पाच वाजल्यानंतर देशातील हजारो शाळांची मैदाने रिकामी असतात, आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभागृहांत आठवड्यातील बहुतेक दिवस खुर्च्यांखेरीज कोणी नसते. आठवड्यातून तीन संध्याकाळी एक एक तास ही जागा प्रौढांच्या नृत्यासाठी द्यावी. शाळेच्या कपाटात लेझीमा असतातच. त्या वार्षिक संमेलनापुरत्या बाहेर काढण्याऐवजी पालकांच्या हाती द्याव्यात. पंजाबी वस्तीत भांगडा व्हावा, गुजराती वस्तीत गरबा व दांडिया, कन्नड वस्तीत डोळ्ळु. ज्याचे जे असेल ते त्याने करावे, आणि शेजाऱ्याचे शिकावेसे वाटल्यास तेही शिकावे. त्याच सभागृहात महिन्यातून एकदा स्थानिक डॉक्टरांनी येऊन मूत्रविकारांविषयी साध्या भाषेत बोलावे व प्रश्नांना उत्तरे द्यावीत. नाचून घाम आलेल्या माणसांना असे प्रश्न विचारणे जड जात नाही.

मुलांच्या दृष्टीनेही याचे मोल आहे. जो मुलगा आपल्या वडिलांना व आजोबांना निःसंकोचपणे फेर धरताना पाहतो, तो मोठेपणी नाचणे सोडणार नाही. शरीराच्या कोणत्याही भागाचे नाव घेताना जी घरे आवाज खाली आणीत नाहीत, त्या घरांतील पुरुष वेळीच डॉक्टरांकडे जातात. अष्ठीला ग्रंथीचे आरोग्य हा शेवटी एका अक्रोडाएवढ्या अवयवाचा प्रश्न नाही. पुरुषाने स्वतःच्या शरीराशी कसे वागावे, त्याला खुर्चीत कोंडून त्याविषयी मौन पाळावे की त्याला हालते, बोलते ठेवावे, असा हा प्रश्न आहे. प्रौढ पुरुषांनी नाचावे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘नाचावे, नियमाने नाचावे, आणि दुखत-खुपत असेल तर बोलावेही’ असेच देणे प्राप्त आहे.